निसता च्या-बिस्कुट

"सकाळपासून काय खाल्लं?" असं विचारलं की आमच्या दवाखान्यात ठरलेलं उत्तर येतं. "काहीच नाही साहेब. निसता च्या-बिस्कुट." म्हणजे 'काहीच नाही' आणि 'च्या-बिस्कुट' यांचा अर्थ शिरड शहापुरात एकच. ग्लुकोमीटर तीनशे दाखवतोय आणि समोरचा माणूस एकादशी धरल्यासारखा चेहरा करून बसलेला.

बिस्किट हलकं असतं, ही समजूत काही केल्या जात नाही. दात यायच्या आधीपासून आपण ते लेकराला दुधात कालवून चारतो. ताप आला की भाकरी बंद, बिस्किट सुरू. देवळात नारळ न्यावा तसा आजाऱ्याला भेटायला जाताना पुडा न्यायचा. तोंडात विरघळतं म्हणजे पोटालाही हलकंच असणार, असा साधा हिशेब. पण त्यात काय असतं? मैदा, साखर, तेल. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या पाव भाग तरी साखर असते. पन्नास ग्रॅमचा पुडा चहात बुडवून संपवला की तीन चमचे साखर पोटात गेली, मैद्याची व्हायची ती वेगळी आणि चहातली आणखी वेगळी. भाकरी चावावी लागते, पोटात रेंगाळते. बिस्किटाची साखर पाऊण तासात रक्तात फिरत असते. 'शुगर फ्री' लिहिलेला महागाचा पुडा पुण्याहून लेकानं पाठवला असेल, तर त्यातही मैदा आणि तेल असतंच.

एरवी हे कसंबसं निभतं. पाऊस लागून राहिला, ओढ्याला पूर आला, आठवडी बाजार बुडाला की भाजी संपते आणि घराघरात पुडे फुटायला लागतात. २०२० साली तर हे महिनोन् महिने चाललं. २५ मार्चला कोरोनामुळं देश बंद झाला. एप्रिलच्या अखेरीला हिंगोलीत राज्य राखीव दलाच्या जवानांना लागण झाल्याचं कळल्यावर लोक आणखी घाबरले. किराणा दुकानं उघडी होती, पण बाजार भरत नव्हता. रेशनवर माणशी महिना पाच किलो फुकट तांदूळ आला आणि डाळ घरटी एक किलो. पाच माणसांच्या घराचा हिशेब करा : पंचवीस किलो भात आणि एक किलो डाळ. पोट भरलं, तक्रार करायला जागा नाही. पण ज्वारी खाणाऱ्या आमच्या भागात शुगरवाला माणूस तीन-तीन वेळा भात खायला लागला आणि मधल्या वेळेला च्या-बिस्कुट. त्या मार्च ते मे या महिन्यांत आठ दशकांत झाला नव्हता एवढा पार्ले-जीचा खप झाला, असं कंपनीनंच सांगितलं होतं. पुण्या-मुंबईहून डोक्यावर बोचकं घेऊन चालत निघालेल्या माणसाला तो पुडा अमृतच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालणाऱ्यानं खुशाल खावा. माझं भांडण ओसरीवर बसून खाणाऱ्याशी आहे.

त्याच मे महिन्यात एका आजींना त्यांच्या मुलानं मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. सत्तरीच्या, वाळलेल्या. चार दिवसांपासून रात्री सहा-सहा वेळा लघवीला उठत होत्या, तोंडाला कोरड, पायाची आग. शुगर ४१८. "माय, गोळी घेताय ना?" म्हटलं तर म्हणाल्या, "कुठली घेऊ? तुम्हीच म्हणले होते, उपाशीपोटी घ्यायची नाही. अन् म्या तर महिना झाला जेवतच नाही. निसता च्या-बिस्कुट."

मला आधी हसू आलं, मग घाम फुटला. चूक निम्मी माझी होती. 'जेवल्यावर घ्या' एवढं सांगून मी मोकळा झालो होतो. जेवण कशाला म्हणायचं, हे सांगितलंच नव्हतं.

मुलाच्या खिशात किराण्याची चिठ्ठी होती, ती मागून घेतली. साखर दहा किलो. चहापत्ती एक किलो. बिस्किट एक बॉक्स. टोस्ट, शेव, मॅगी. गोडेतेल पाच लिटर. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी, तूरडाळ अर्धा किलो. रागावणार होतो, तेवढ्यात आजी बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या, कडेवर हाच मुलगा. मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही, कामावर सुकडी मिळाली तर त्यातली लेकरासाठी पदरात बांधून आणायच्या. म्हणून आता बंदी आली म्हणताच त्यांनी पोराला सांगितलं, घरात गोडधोड भरून ठेव, लेकरं उपाशी राहू नयेत. या बाईला आहारतक्ता काय दाखवणार? भूक पाहिलेल्या माणसाला भरलेला डबा दिसला की झोप लागते. ते मी समजू शकतो. मुलाला मात्र बाहेर नेऊन बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चिठ्ठी लिहिताना वरून खाली नाही, खालून वर लिहा. तूरडाळ, मूग, मटकी, हरभरा, हुलगे, शेंगदाणे आधी. ज्वारी घरची नसेल तर ती. साखर शेवटी, आणि 'गूळ चालतो ना?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. शुगरवाल्याला गूळ म्हणजे रंग बदललेली साखरच. भाजी मिळत नाही म्हणता, पण आपल्या मराठवाड्याचं निम्मं स्वयंपाकघर भाजी नसतानासाठीच तर तयार झालंय. येसराचं पीठ डब्यात असलं की दहा मिनिटांत आमटी होते. हुलग्याचं माडगं, सांडग्यांची भाजी, पिठलं. मोड आलेली मटकी तर दारात बाजार भरल्यासारखी. जिवाला बरं वाटायला काहीतरी गरम, ओळखीचं खावंसं वाटतं, हे अगदी खरं. मग गरम माडगं प्या की वाटीभर. फक्त ज्वारीची भाकरी चालते म्हणून चार-चार खाऊ नका. दीड-दोन भाकरी आणि वाटी भरून डाळ किंवा उसळ. उलटं नको.

बीपीवाल्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. भाजी नाही म्हणून लोणचं, पापड, खारोड्या, ठेचा यांच्यावर जेवण उरकायचं आणि मग पायाला सूज आली म्हणून यायचं. दिवसभराचं सगळं मिळून एक छोटा चमचा मीठ पुरे.

आता गोळ्यांचं. टंचाई आली की लोक गोळीही पुरवून पुरवून खातात. अर्धी आज, अर्धी उद्या. बायकोची संपली तर नवऱ्याची. आणि मोबाईल आहेच. मेथीचं पाणी, कारल्याचा रस, चमचा-चमचा हळद. हळदीच्या मुलखात राहून हळदीची निंदा करणार नाही, भाजीत आवर्जून घाला. पण हळदीनं शुगरची गोळी सुटत नाही. कोरोनाच्या साली काळी मिरी-दालचिनीचे काढे दिवसातून चारदा पिऊन तोंड आलेले आणि छातीत जळजळणारे किती तपासले, मोजदाद नाही. 'शुगर मुळापासून बंद' म्हणून पुड्या विकणारा बाबाही बंदीत कुठून कसा पोहोचतो, कळत नाही. अशा पुड्यांत इंग्रजी गोळ्याच कुटून घातल्याचं आढळलेलं आहे. किती घातली, ते बाबालाही ठाऊक नसतं.

घाबरू नका, शुगर एकदा अडीचशे आली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण तहान भागत नाही, लघवी थांबत नाही, वजन उतरतंय, डोळ्यापुढं धूसर दिसतंय, तर दोन दिवसांत दाखवा. आणि उलट्या सुरू झाल्या, पोट दुखतंय, श्वास खोल-खोल आणि जोरात चाललाय, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतोय, माणूस गुंगीत बोलतोय, तर माझ्याकडंही थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. पायाची जखम आठ दिवसांत सुकली नाही, काळी पडली किंवा वास मारायला लागली, तर हळद भरून बांधत बसू नका. इन्सुलिन घेणाऱ्यानं, जेवण जात नसलं तरी, इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. आधी फोन करा.

उलटंही होतं. गोळी घेतली आणि खरंच जेवण झालं नाही, तर शुगर उतरते. दरदरून घाम, हात थरथर, छातीत धडधड, बोलणं असंबद्ध. तेव्हा तरी बिस्किट चालेल ना, असं विचारणारे भेटतात. तेव्हासुद्धा नाही! त्यातल्या तेलामुळं ते सावकाश चढतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटं थांबा, फरक नसला तर पुन्हा पाजा, मग भाकरी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

त्या आजी पंधरा दिवसांनी आल्या. गोळ्या वेळेवर, दोन वेळा भाकरी आणि डाळ. शुगर १६८. पदराखालून कागदात बांधलेलं येसर काढून माझ्या टेबलावर ठेवलं. बॉक्सचं काय केलं, म्हणून विचारलं.

"म्हशीला चारला," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि काळजीच्या सुरात मागं वळल्या. "साहेब, जनावराला लागत नाही ना हे शुगर?"