आईला तारीख सांग, गाव सांगू नकोस

अगं बायो, तुम्ही १५ डिसेंबरला मायामीत पोचणार म्हणून आईने तिकडे सगळ्यांना सांगून टाकलंय आणि विमानाची तिकिटं बघायला घेतलीत. तिला आजच फोन कर. दक्षिणेकडे बोटी नेणारी माणसं इथे एकच सांगतात: पाहुण्यांना तारीख सांगा, नाहीतर गाव सांगा, दोन्ही सांगू नका. आई-बाबांना तारीख दे. त्या दिवशी तुम्ही सेंट ऑगस्टिनला असलात तर गाडी भाड्याने घेऊन तिथे भेटा.

हिशेब बघ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून आतून जाणाऱ्या जलमार्गाचा शून्य मैल नॉरफोकला, मायामी १,०९०च्या आसपास. तुमची शिडाची बोट इंजिनावर तासाला सहा-सात मैल जाणार. वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत, त्यामुळे लवकर निघायला विमावाले नाखूश. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला अंधारतं, आणि त्या चिंचोळ्या वाटेने अंधारात पोरांना घेऊन जायचं नाही. दिवसाला पन्नास मैल पदरात पडले तरी रोज चालून तीन आठवडे. त्यात पूल उघडायची वाट बघा, कँप लेजूनला लष्कराचा गोळीबाराचा सराव चालू असला तर तिथे थांबा, आणि वाऱ्यापुढे तर कुणाचंच चालत नाही.

डोक्यावर तारीख असली की माणूस अल्बेमार्ल साउंडमध्ये नको त्या दिवशी शिरतो. पाणी रुंद आणि उथळ, वारा वाढला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोट नुसती आपटत राहते आणि पोरं ओकून ओकून अर्धमेली होतात. डिस्मल स्वॅम्पच्या कालव्याने गेलात तर एलिझाबेथ सिटीत वारा पडेपर्यंत खुशाल थांबा. हा कालवा घाईने पार करू नकोस, गं. १८०५ साली खुला झालेला, गुलामांच्या हातांनी खणलेला. झाडांच्या सालीचा आणि पानांचा अर्क उतरून त्याचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. तो कुणी खणला, हे पोरांना तिथेच सांग.

जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फुटांचा. ओहोटीला आठ फूट पाण्यात नांगर टाकलात, बोटीचं नाक पाण्यापासून चार फूट उंच, तर बाराच्या पाचपट म्हणजे साठ फूट साखळी पुरेशी वाटते. सहा तासांनी तिथेच सोळा फूट पाणी असतं आणि शंभर फूट साखळी लागते. झोपायच्या आधी हा हिशेब भरतीच्या पाण्याने करायचा, आणि बोट वळायला जागा आहे का तेही बघायचं. हेल गेट आणि लिटल मड रिव्हर हे गाळाचे पट्टे चढत्या पाण्यावरच गाठा. चढत्या पाण्यात रुतलात तर थोड्या वेळात तरंगता. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत बोट कलंडलेली आणि पोरं घाबरलेली.

पोरांना दुर्बीण दे. खुणांच्या फळ्यांवर छोटा पिवळा त्रिकोण किंवा चौकोन असतो. दक्षिणेला जाताना त्रिकोण उजव्या हाताला, चौकोन डाव्या, मग फळी लाल असो की हिरवी. हे काम पोरं फार मन लावून करतात. आणि डेकवर लाइफ जॅकेट अंगावर हवंच. चालत्या बोटीत तेरा वर्षांखालच्यांना कायद्यानेही ते सक्तीचं आहे.

आता तुझ्याबद्दल. तू स्वयंपाक, पोरांचा अभ्यास आणि पसारा सांभाळणार आणि सुकाणू नवऱ्याकडे, ही वाटणी मला अजिबात पसंत नाही. उद्या तो तापाने झोपला तर? वायरलेसवर पूलवाल्याला हाक कशी मारायची, व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलिनात १३ नंबरच्या चॅनेलवर आणि साउथ कॅरोलिनापासून पुढे ९ वर, हे तुलाही तोंडपाठ हवं. येत्या रविवारी बोट तू धक्क्याला लाव, नांगर तू टाक आणि तूच उचल. हे जमेपर्यंत नॉरफोक सोडू नका.