गाडी उचलली, ॲक्सल तिथंच

डिझेल पिकअपवर लिहिल्यापासून मानखुर्दहून बरीच पत्रं आली, आणि ते स्वाभाविकच आहे. वाशीच्या बाजार समितीत भरलेला माल पहाटे खाडीपूल ओलांडतो, तेव्हा मुंबईत त्याची पहिली गाठ मानखुर्दशी पडते. इथल्या कितीतरी घरांची चूल हौद्याच्या गाडीवर चालते. यातली तीन पत्रं ‘गाडी उंच करावी का’ याच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत, म्हणून ती आधी घेतो.

महाराष्ट्रनगर, मानखुर्द येथील एक वाचक : वय २८. प्लंबिंगच्या सामानाचा छोटा धंदा आहे, गाव पोलादपूरजवळ. सेकंडहॅण्ड इसुझू व्ही-क्रॉस घ्यायचं ठरतंय. मित्र म्हणतात, तीन इंचांची लिफ्ट आणि मोठे टायर टाक, मग गाडी कुठंही जाईल. फायदे-तोटे सांगाल का?

गाडी चांगली निवडली आहे. मजबूत चेसी, मागे पाटे, आणि कमी आरपीएमलाच ताकद देणारं डिझेल इंजिन. भरलेल्या हौद्यानिशी घाट चढताना या इंजिनाचं मोल कळतं. पेट्रोल गाडी जिथं गिअर मागत राहते, तिथं ही दुसऱ्या-तिसऱ्यावर शांतपणे ओढत जाते. गावचा शेवटचा कच्चा तुकडा, भाताची पोती, पाण्याची टाकी, या कामांना ती पुरून उरेल.

आता लिफ्टचं बघा. पुढं स्प्रिंगखाली-वर ठोकळे आणि मागं पाट्याखाली ठोकळा किंवा लांब शॅकल बसवला, की चेसी वर जाते. ॲक्सल मात्र जाग्यावरच राहतो. मागच्या हाउसिंगचा तो गोल फुगीर भाग, जो पायवाटेच्या दगडाला पहिल्यांदा घासतो, तो लिफ्ट केल्यानंतरही जमिनीपासून पूर्वीइतकाच असतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्म्यानंच. उदाहरण मांडतो. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर. त्याऐवजी २८५/७० आर १७ टाकला तर तो ८३१ होतो. वाढ ५५ मिलिमीटरची, म्हणजे ॲक्सल वर गेला तो २७ मिलिमीटर. इंचभर. बाकी सगळी उंची डोळ्यांना दिसणारी आहे, दगडाला ती कळत नाही. चढ-उताराच्या तोंडाशी बंपर घासणं कमी होतं, पोट थोडं सुटतं, हा फायदा मात्र खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

त्याच टायरमुळे स्पीडोमीटर सात टक्के कमी दाखवू लागतो. काटा ६० वर असताना गाडी ६४ नं पळत असते. ॲव्हरेज काढतानाही किलोमीटर कमी मोजले जातात. शिवाय जड चाकं फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात.

सगळ्यात मोठी किंमत वळणावर मोजावी लागते. गाडी कलंडायला किती राजी आहे, याचं एक साधं गणित आहे : डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर निम्मं करायचं आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागायचं. समजा चाकांतलं अंतर १५५० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ७०० वर. उत्तर १.१ येतं. तीच गाडी ७५ मिलिमीटर वर उचलली की उत्तर १ वर येतं. गाडी सरळ रस्त्यावर हे जाणवू देत नाही. घाटात समोरून एसटी अचानक आली आणि स्टिअरिंग झटक्यानं फिरवावं लागलं, तेव्हा ते कळतं.

विमा सर्वेक्षक म्हणून मी बरीच वर्षं पडलेल्या गाड्या पाहिल्या. त्यातली एक विसरता येत नाही. कोकणातल्या एका घाटात साध्याशा वळणावर पिकअप कुशीवर आडवी पडली होती. वेग फार नव्हता, आणि रस्ता कोरडा होता. मी खाली वाकून पाहिलं तर मागच्या पाट्याखालचे लोखंडी ठोकळे एकावर एक रचलेले, त्यांच्यावरचा काळा रंग अजून ओला वाटावा इतका नवा. यू-बोल्ट जुनेच, लांबी पुरेना म्हणून नट दोन-तीन आट्यांवर धरलेले. एका बाजूचा ठोकळा सरकला होता आणि ॲक्सल तिरका झाला होता. चालवणारा वाचला, पण त्याचा उजवा हात गेला. त्या दिवसापासून मी पाट्याखाली ठोकळ्यांची चळत दिसली की गाडीवाल्याला थांबवून सांगतो. तुम्हालाही तेच सांगतोय.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलांशी आणि कारखान्यानं ठरवलेल्या रचनेशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून सुधारित कलम १८२-अ लागू झालं. त्यानुसार अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांचा दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. ‘दुकानात राजरोस मिळतं म्हणजे चालतं’ हा समज चुकीचा आहे. पुढं लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या सूचनेनुसार तो बेकायदा आहे आणि एअरबॅगच्या वेळेवर उघडण्यातही तो आडवा येतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघडकीला आला, तर दावा अडतो. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत, जड हातानं, पण लिहिले आहेत.

एक गोष्ट तुमच्या गल्लीतच मोजा. व्ही-क्रॉस सव्वापाच मीटरच्या वर लांब आहे. मुंबईच्या विकास नियमावलीत पार्किंगची छोटी जागा साडेचार मीटरची धरलेली आहे. संध्याकाळी मानखुर्द स्टेशनच्या बाजूच्या रस्त्यावर ही गाडी लावून एकदा बघा, मगच बयाणा द्या. आणि पांढऱ्या पाटीवर नोंदवलेल्या गाडीत भाड्यानं दुसऱ्याचा माल नेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर लिफ्टचे पैसे टायरमध्ये घाला : कंपनीनं मान्य केलेल्या मापाचेच, पण खडबडीत रस्त्यासाठीच्या नक्षीचे. चांगल्या प्रतीचे शॉकअप बसवा. गाडीखाली पोलादी पत्रा असेल तर तो शाबूत आहे का बघा. पोलादपूरच्या वाटेला एवढं पुरतं.

लल्लूभाई कंपाउंड, मानखुर्द येथील पिकअपमालक : माझी बोलेरो पिकअप आहे. वाशी मार्केटमधून कांदा-बटाटा भरतो. पूर्ण भरली की गाडी मागून बसते. मेस्त्री म्हणतो पाट्यांना दोन पानं वाढव, गाडी उंच होईल आणि माल जास्त बसेल. करू का?

दादा, करू नका. वर ज्याला लिफ्ट म्हटलं, तिचंच हे आपल्या गल्लीतलं रूप आहे, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. हौस म्हणून उंच केलेली गाडी रविवारी बाहेर पडते, तुमची रोज पहाटे तीन वाजता.

गाडी मागून बसते ती तिच्या पाट्यांनी दिलेली सूचना आहे. या गाड्या मॉडेलनुसार वेगवेगळ्या पासिंगच्या येतात. पन्नास किलोच्या गोणीनं मोजलं तर १.७ टनाला ३४ गोणी झाल्या. तुमच्या आरसीवर काय आहे ते पाहून आपला आकडा काढा, आणि तो केबिनमध्ये चिकटवा. पान वाढवल्यानं गाडी बसायची थांबेल, पण चेसी, ॲक्सलचे बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. वाढलेलं वजन सगळ्यांवर येतं, फक्त तुम्हाला दिसेनासं होतं.

आणखी एक गोष्ट मेस्त्रीला दाखवायला सांगा. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चेसीकडे एक बारीक दांडी जाते, तिच्या टोकाला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. माल भरला की चेसी खाली येते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की मागं वजन आहे, मागच्या चाकांना ब्रेक जास्त द्यायचा. तुम्ही दोन पानं वाढवली की भरलेली गाडीही उंचच राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्या चाकांवर पडतो, आणि खाडीपुलाच्या उतारावर पुढचा ट्रक थांबला तर तुमची गाडी थांबायला जास्त अंतर खाते. कांद्याच्या गोणी केबिनच्या पाठीला येऊन आदळतात त्या अशाच वेळी.

जादा मालाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,०००, शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमचाच. जादा पाच गोण्यांतून सुटणारं भाडं आणि हा आकडा एकदा शेजारी-शेजारी लिहून पाहा. पाटे खरंच थकले असतील, तर मात्र तुटकी किंवा सपाट झालेली पानं बदला, बुश आणि यू-बोल्ट नवे टाका. पानांची संख्या आणि जाडी कंपनीचीच ठेवा. फेऱ्या वाढल्याच असतील, तर जास्त पासिंगची दुसरी गाडी घेणं पाटे चढवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पीएमजीपी कॉलनीतील एक आई : मुलगा म्हणतो, ‘आई, उंच पिकअप म्हणजे पावसात सर्वांत सुरक्षित. रस्त्यावर पाणी भरलं तरी मी घरी येईन.’ त्याच्या बोलण्यात तथ्य आहे का?

ताई, थोडं आहे. इंजिन हवा ओढतं ती नळी उंच गाडीत वर असते. टोयोटा हायलक्सला कंपनी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मुभा देते, साध्या मोटारीत एवढी मुभा नसते. नळीत पाणी शिरलं की ते सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचं बिल लाखात येतं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमाही बहुधा हात झटकतो.

पण मुलाला हे दोन शब्द माझ्या वतीनं सांगा. ७०० मिलिमीटर म्हणजे संथ, उभं पाणी. वाहतं पाणी याच्या निम्म्या उंचीवरही गाडीचं वजन हलकं करतं, आणि मोठ्या टायरमध्ये हवा भरलेली असते, ती गाडीला तरंगवायलाच मदत करते. आणि मुंबईत पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. झाकण नसलेलं गटार, खोदलेला चर, उलटलेला दुभाजक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाडीत बसून राहिलेली काही माणसं काचा न उघडल्यानं गाडीतच गेली. त्या दिवशी जे उतरून चालत निघाले, उंच जागी थांबले, त्यातले बहुतेक घरी पोहोचले. मुलाला म्हणावं, पाणी चाकाच्या मध्याशी आलं की गाडी वळव किंवा सोड, आणि आईला फोन कर. उशिरा आलास तरी चालेल.

गाडीत काच फोडायची छोटी हातोडी ठेवायला सांगा. सीटखाली नाही, हाताशी.

ट्रॉम्बे येथील एक वाचक : बीएस-६ पिकअपच्या मीटरवर डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. गॅरेजवाला म्हणतो, फिल्टर कापून काढू आणि सॉफ्टवेअर बदलू, कायमची कटकट जाईल.

कटकट तुमची जाईल आणि शेजाऱ्यांच्या छातीत जाईल. डीपीएफ धुरातली काजळी धरून ठेवतो आणि तापून साधारण ६०० अंशांवर ती जाळतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, एका वेगात पळायला हवी. तुमची गाडी ट्रॉम्बे ते चेंबूर, पुन्हा ट्रॉम्बे, अशी सिग्नलला थांबत चालत असणार. फिल्टरला तापायची संधीच मिळत नाही. दिवा लागला की सायन-पनवेल मार्गावर रिकाम्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं साठच्या वेगानं, एक गिअर खाली ठेवून चालवा. दिवा विझला तर काम झालं. तरीही लागत राहिला तर अधिकृत केंद्रात इंजेक्टर आणि सेन्सर तपासा, आणि बीएस-६ ला चालेल तेच इंजिन ऑइल टाकलं आहे ना ते पाहा.

फिल्टर कापणं बेकायदा आहे. पण कायदा सोडून द्या क्षणभर. देवनार कचराभूमी १९२७ पासून या भागाच्या उशाला आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली तेव्हा दिवसेंदिवस धूर या वस्त्यांवर बसून होता. गोवंडी-मानखुर्दची मुलं जन्मापासून ती हवा घेतात. त्यात आपल्या गाडीची काजळी मुद्दाम मिसळू नका, एवढी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. तुमची फेरी कायम अशीच छोटी राहणार असेल तर पुढची गाडी सीएनजीची घ्या. शहराच्या आत डिझेलचा फायदा तुम्हाला मिळतच नाहीये. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा विचार करायला सांगितलं आणि सरकारनं समिती नेमली. नवी डिझेल गाडी दहा वर्षांच्या हिशेबानं घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

मंडाळा येथील एक तरुण : माझ्याकडे फक्त मोटारीचं एलएमव्ही लायसन्स आहे. पिवळ्या पाटीची पिकअप चालवता येईल का?

येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निर्णय दिला आहे : ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला वेगळ्या परवानगीची गरज नाही. पिकअप त्याच्या बरीच आत बसते. लायसन्सची मुदत तेवढी तपासा, आणि मूळ कागद किंवा डिजीलॉकर गाडीत असू द्या. पहिले पंधरा दिवस कुणा जुन्या ड्रायव्हरला बाजूला बसवा. रिकामा हौदा पावसात मागून घसरतो. हे मोटार चालवून कळत नाही, त्यासाठी हौद्याच्या गाडीवरच हात बसवावा लागतो.