लघवी उलटी जाते तेव्हा: मुलांच्या किडनी तपासण्यांचा पुण्यातला खर्च

बाळाला दोन-तीन दिवस ताप असतो, सर्दी-खोकला काही नाही, आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स वाढलेले दिसतात. मग सोनोग्राफी, एमसीयू, डीएमएसए अशी नावं कानावर पडू लागतात. खासगीत सगळ्या तपासण्या केल्या तर दहा-पंधरा हजार सहज जातात. यातली कुठली लगेच हवी आणि कुठली थांबू शकते, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं.

मूत्राशयातली लघवी मूत्रवाहिनीतून परत किडनीकडे चढते, तो रिफ्लक्स. त्याचे 1 ते 5 ग्रेड असतात. तापासह लघवीचं इन्फेक्शन झालेल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला तो सापडतो. खालच्या ग्रेडचा रिफ्लक्स बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो. काळजी असते ती वरच्या ग्रेडची आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या इन्फेक्शनची. त्यातून किडनीवर व्रण राहतात आणि पुढे रक्तदाबही मागे लागू शकतो.

माझ्या मते सगळ्यात जपून करायची तपासणी सगळ्यात स्वस्त आहे: लघवीचं कल्चर. खासगी लॅबमध्ये अंदाजे 500 ते 1,200 रुपये. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला हवा, एरवी जंतू उगवतच नाहीत. तान्ह्या बाळाला चिकटवायची प्लॅस्टिकची पिशवी सोयीची वाटते, पण त्वचेवरचे जंतू तिच्यात उतरतात आणि रिपोर्ट ‘मिश्र वाढ’ असा येतो. अशा रिपोर्टवरून इन्फेक्शन ठरवता येत नाही. जागा साध्या पाण्याने धुवा, बाळाला मांडीवर उघडं धरा आणि निर्जंतुक डबीत मधली धार पकडा. जमलंच नाही तर डॉक्टर नळीने नमुना घेतात. डबी तासाभरात लॅबमध्ये पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. इथे हलगर्जी झाली तर नसलेल्या इन्फेक्शनपायी पुढच्या हजारोंच्या तपासण्या होतात.

सोनोग्राफी (साधारण 1,000 ते 2,000 रुपये) पहिल्या इन्फेक्शननंतर करावीच. एमसीयूचं तसं नाही. त्यात मूत्राशयात नळी घालून डाय सोडतात आणि मूल लघवी करताना एक्स-रे काढतात. खासगीत अंदाजे 2,500 ते 5,000 रुपये. सोनोग्राफीत दोष दिसला किंवा इन्फेक्शन परत झालं, तर ती मुख्यतः लागते. दर विचारताना नळी आणि डाय धरून किती, असं स्पष्ट विचारा. डीएमएसए स्कॅन व्रण दाखवतो. अंदाजे 4,000 ते 8,000 रुपये. तो इन्फेक्शननंतर चार ते सहा महिन्यांनी करतात, कारण आधी केला तर ताजी सूज आणि कायमचा व्रण यांतला फरक कळत नाही. त्यातल्या किरणोत्सर्गी टेक्नेशियमची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. मुलाला गुंगीचं औषध लागलं तर त्याचे पैसे वेगळे का, हेही विचारा.

रोज रात्रीच्या अँटिबायोटिकचा खर्च किरकोळ आहे. कोट्रायमोक्साझोलची बाटली स्वस्त मिळते. प्रश्न गरजेचा आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘रिव्हर’ चाचणीत 607 मुलं होती. औषधाने पुन्हा होणारं इन्फेक्शन जवळपास निम्म्यावर आलं, पण किडनीवरच्या व्रणांत फरक पडला नाही; शिवाय नंतरचे जंतू औषधाला जास्त दाद देईनासे झाले. म्हणून वरच्या ग्रेडला औषध, खालच्या ग्रेडला बहुधा नुसती देखरेख, असा कल आहे. सुरू असलेलं औषध मात्र मनाने बंद करू नका. बद्धकोष्ठता घालवणं आणि मुलाला लघवी तुंबवू न देणं, हे बिनखर्चाचे उपाय प्रत्येक ग्रेडला लागू आहेत. दर भेटीत रक्तदाबही मोजून घ्या.

शस्त्रक्रिया थोड्याच मुलांना लागते. खासगीत बिल लाखाच्या पुढे जातं. दुर्बिणीतून द्यायच्या जेल-इंजेक्शनचं औषधच महाग असतं, म्हणून त्याचा दर वेगळा लिहून मागा. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती शस्त्रक्रिया त्याच रुग्णालयात बसते का, हे विचारा. योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे. ससूनमध्ये बालशल्यचिकित्सा विभाग आहे. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं असल्याने 15 ऑगस्ट 2023 पासून तिथल्या तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. आपला विमा असेल तर ओपीडीतल्या तपासण्या त्यात धरल्यात का, ते पाहा. बहुतेक पॉलिसींत नसतात.

धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा आणि अर्जाची पोच घ्या. खाट नाकारली तर लेखी कारण मागा आणि ते घेऊन ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या.