सिद्ध झालं, तरी चुकलं?

प्रश्न : मी सी भाषेत बिलिंगचं काम करते. पडताळणीच्या टूलने प्रोग्रॅम सिद्ध ठरवला, पण चालवल्यावर ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही. टूल बिघडलंय का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : नाही, ताई. त्याने वेगळंच गणित सिद्ध केलंय. टूल फ्रामा-सी असेल, तर त्याच्या डब्ल्यूपी या भागात ‘रिअल’ मॉडेल निवडलं, की दशांश अचूक धरले जातात. यंत्रातली काटछाट दिसतच नाही. आधी कोणतं मॉडेल निवडलंय ते तपासा. सीबीएमसी हे दुसरं टूल यंत्रातल्या दशांशांच्या आयईईई ७५४ या मानकानुसार बिट न् बिट पाहतं, मात्र मोठ्या कोडवर दमतं. बरोबरीऐवजी फरकाची मर्यादा सिद्ध करा. बिलाची रक्कम तर सरळ पैशांत, पूर्णांकात ठेवा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. आणि कंपायलरला ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय देऊ नका, तो बेरजांचा क्रम बदलू शकतो.