भूल देण्यापूर्वीचा प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर रोग्याजवळ बसून विचारतात, "दात काढला तेव्हा रक्त किती वेळ वाहिले? जन्मानंतर नाळेतून रक्त गेले होते काय? घरात आणखी कोणास असे होते काय?" कित्येक पालकांस हे प्रश्न निरर्थक वाटतात. काहीजण तर घराण्यास बोल लागेल, मुलीचे लग्न अडेल, या भीतीने खरे सांगत नाहीत. या मौनाची किंमत केवढी, हे आपण पाहू.

जखम झाली म्हणजे रक्तातील घटक एकामागून एक कामास लागतात आणि फायब्रिन तंतूंचे जाळे विणले जाते. या घटकांस तेरापर्यंत क्रमांक दिले आहेत. आठवा उणा असल्यास हिमोफिलिया 'अ' होतो. तो सुमारे ५,००० मुलग्यांत एकास असतो. तेरावा उणा असणे फारच दुर्मिळ, सुमारे २० लाखांत एक. मात्र जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे त्याचा संभव वाढतो, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहेच. तेराव्याचे काम जाळ्याच्या गाठी पक्क्या करणे. दशांना गाठी न मारलेली चादर जशी उसवत जाते, तशी ही गुठळी पुढे सैल पडून एकदोन दिवसांनी पुन्हा रक्त वाहू लागते. विशेष हे की, रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या अशा रोग्यात निर्दोष येतात!

दोष आधी कळला, तर डॉक्टर सावध होतात. उणीव भरून निघेपर्यंत पाठीच्या कण्यात सुई टोचीत नाहीत. कारण तेथील बंदिस्त जागेत रक्त साचून मज्जारज्जू दबल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. स्नायूत इंजेक्शन व वेदनेसाठी ॲस्पिरिन टाळतात. श्वासनळीत घालावयाची नळी नाकाऐवजी तोंडावाटे हलकेच घालतात. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी आठवा घटक शिरेतून देऊन त्याचे प्रमाण शेकडा ८० ते १०० पर्यंत आणतात. सुमारे १२ तासांत तो निम्मा होतो, म्हणून पुढेही कित्येक दिवस देत राहावे लागते. तेरावा मात्र एकदा दिला की अनेक दिवस पुरतो.

अशा दोषांचे सूक्ष्म निदान मुंबईस परळ येथे, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. परंतु तेथवर जाण्याची वाट घरातील खऱ्या उत्तरापासूनच सुरू होते. रक्तातील दोष हा कोणाचा अपराध नव्हे. तो लपविणे मात्र आपल्याच लेकराच्या जिवाशी खेळणे होय. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आजच घरी आजीला विचारा, आणि जे कळेल ते लिहून ठेवा.