सामासिक शब्दांतील अक्षरविभागणी व आघात : सीमाभागातील मराठीच्या संदर्भात

दक्षिण सोलापूर तालुक्यातील ‘वळसंग’ हे ग्रामनाम लिपीत चार अक्षरांचे आहे. मराठी उच्चारात मात्र ते ‘वळ्‌-संग्’ असे दोनच अवयवांचे होते. कन्नडात अक्षरातील ‘अ’ टिकून राहत असल्याने तेच नाव ‘व-ळ-सं-ग’ असे उच्चारले जाते. ‘अक्कलकोट’ मराठीत तीन अवयवांचे, कन्नड पद्धतीने पाच. दोन्ही भाषा नित्य कानी पडणाऱ्या या परिसरात शब्द कोठे तुटतो, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

आपल्याकडील समासविचार बहुधा विग्रह आणि पदप्राधान्य यांभोवतीच फिरतो. उच्चाराकडे त्याचे दुर्लक्षच झाले आहे. ‘नजर’ या शब्दाला प्रत्यय लागला की ‘नज्-रेत्’ अशी विभागणी होते. ‘नजरकैद’ मात्र ‘न-जर्-कैद्’ असा उच्चारला जातो. ‘शह्-रात्’ आणि ‘श-हर्-वा-सी’ यांतही हाच भेद आहे. प्रत्यय शब्दाच्या अंतरंगात शिरून मधला ‘अ’ घालवतो. उत्तरपद बाहेर उभे राहते व पूर्वपदाचा अन्त्य ‘अ’ तेवढा लोपतो. ‘घोडदौड’, ‘पाणवठा’ यांत तर पूर्वपदाचा दीर्घ स्वरही गळून ‘घोड्-’, ‘पाण्-’ असे बंद अवयव उरतात. लेखनात या सीमेची खूण नसते.

नॉर्वेजियन भाषेत हे काम आघात करतो. तेथे सामान्यतः पूर्वपदावर मुख्य आणि उत्तरपदावर दुय्यम आघात असतो. ‘लाम्मेलोर’ हा शब्द सलग उच्चारल्यास कोकराची मांडी. दोन्ही पदांवर स्वतंत्र आघात दिल्यास लुळ्या मांड्या! मराठीतील आघात क्षीण असून त्याने सहसा अर्थभेद होत नाही. म्हणून मराठी समासाची सीमा आघातात नव्हे, तर लुप्त ‘अ’कारात शोधणे युक्त ठरेल.

अक्षरगणवृत्तात मात्र हा ‘अ’ मोजला जातो. बोलण्यात ‘लोक्-मत्’ असा द्व्यवयवी असलेला शब्द तेथे एक गुरू व तीन लघू असा चार अक्षरांचा भरतो. गद्यवाचनात ज्याच्या ‘कानडी हेला’वर बोट ठेवले जाते, तो कन्नडभाषक विद्यार्थी वृत्तवाचनात म्हणूनच अनेकदा अचूक असतो. गद्यासाठी अशा विद्यार्थ्याकडून ‘नजर’ आणि ‘कैद’ ही पदे आधी सुटी म्हणवून घ्यावीत आणि मगच ती जोडावीत.