सालदाराचे ठरते, शिकाऊचे ठरत नाही

खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होते. रोकड किती, धान्य किती, उचल किती, सगळे चार माणसांदेखत तोंडी ठरते. पाचोऱ्याजवळच्या एका मळ्यावर मी भाजीपाला शिकायला गेलो, तेव्हा माझे काहीच ठरले नव्हते. तिथले सालदार आबा विचारायचे, "तुनं काय ठरेल शे?" शिकायला आलोय म्हटले की हसायचे. भेंडीचा तोडा सुरू झाला आणि मी बिनपगारी मजूर झालो.

तरीही मळ्यावर शिकायला जा, असेच कृषीच्या विद्यार्थ्यांना सांगेन. कृषी पदवीचे 'रावे', म्हणजे ग्रामीण कार्यानुभव, सातव्या सत्रात, पावसाळ्यात येते. त्यात कपाशी दिसते, उन्हाळी भाजीपाला राहून जातो. फक्त जानेवारीतच पोहोचा. उन्हाळी भेंडी फेब्रुवारी संपायच्या आत पेरावी लागते. साधारण दीड महिन्याने तोडा लागतो, मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर शेंग जून होते. मार्चमध्ये येणाऱ्याच्या वाट्याला नुसती तोडणी. बीजप्रक्रिया, ठिबकच्या नळ्या, झाडांमधले अंतर हे सारे उरकलेले असते. तोडणीतले शिकणे आठवडाभरात संपते, खाज तेवढी संपत नाही. हातमोजे घाला.

मालकाशी पैशांआधी दोन सऱ्यांचे बोला. त्या दोन सऱ्या तुमच्या. बी किती लागले, पाणी किती वेळ दिले, केवडा कुठे दिसला, सगळे तुम्ही टिपायचे. केवडा हा विषाणूजन्य रोग, पांढरी माशी तो पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की झाड लगेच उपटायचे असते. पुस्तकात हे एका ओळीत संपते. दुसऱ्याच्या शेतातले उभे झाड उपटायला मात्र हात धजत नाही. स्वतःच्या सरीत धजतो.

पट्टीचेही, म्हणजे आडत्याकडच्या विक्रीच्या हिशेबाचेही, आधीच बोला. कॅरेट गाडीत चढली की शिकाऊचे काम संपले, असे धरले जाते. आडत्याची पट्टी मालकाच्या घरी जायची, मला कधी दिसली नाही. मजुरी, गाडीभाडे, हमाली वजा जाता त्या भेंडीत काय उरले, हे मला आजही सांगता येत नाही. निम्मी शेती त्या कागदावर होती.

थ्री फेज वीज रात्रीची असली तर मोटारीवर कोण जाणार, तेही विचारा. एकट्याने जाऊ नका. बॅटरी आणि गमबूट हवेतच. तोडा सकाळीच उरका, मार्चअखेरचे इथले ऊन नवख्याला झेपत नाही.

फवारणीत मात्र भीड नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. शिकाऊने पंप पाठीला लावू नये. बघावे, तेही वाऱ्याकडे पाठ करून, लांबून. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिविषारी. फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, तेही डब्यावर लिहिलेले असते. एक दिवसाआड तुटणाऱ्या भेंडीत ते दिवस पाळता कसे, हे मालकाला जाण्याआधीच विचारा. उत्तर टाळले तर दुसरा मळा बघा. गिरणाकाठी मळ्यांना तोटा नाही.